रोह्याचा टेम्पो

संध्याकाळच्या बातम्या संपल्या, काळुराम मोकलांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि घरातल्या सगळ्यांना ओटीवर बोलावलं. तेव्हाच नम्रतानं ओळखलं की आता आपल्या माहेराचा नंबर लागला.

तिचे सासरे पावसाळाभर टीव्हीसमोर बसून होते. शेताकडे जायचे ते जाहिराती लागल्या की. देशाचा एक जुना मित्र आता आपल्याच मालावर जकात बसवतो आणि वर आपल्या वैऱ्याला जेवायला बोलावतो, दुसरा जुना मित्र शस्त्रं द्यायची तारीख पुढं पुढं ढकलतो, म्हणून देशानं आता स्वतःच्या पाणबुड्या आणि स्वतःची विमानं करायला घेतली आहेत, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. घरात मीठ आहे की नाही हे मात्र त्यांना ठाऊक नसे. त्यांच्या मते देशाला जे उशिरा कळलं ते मोकलांच्या घराला वेळेत कळायला हवं होतं.

"रोहा आता भरवशाचा राह्यला नाय," ते म्हणाले.

रोहा म्हणजे नम्रताचं माहेर. ओटीवर बसलेल्या कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही. नवरा निलेश नागोठण्याहून शिफ्ट करून नुकताच आला होता, तो पायातले मोजे काढण्यात फारच गुंतला. सासूबाई बायजाबाई भिजवलेले वाल सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. दत्तात्रेय काका तेवढे खुर्चीत ताठ झाले. हे काळुरामांचे धाकटे भाऊ. लष्करात आयुष्य काढून आलेले, त्यामुळे गाव त्यांना मेजर म्हणे. आयुष्य त्यांनी भटारखान्यात काढलं होतं हे गावाला माहीत होतं, पण गावात दुसरा फौजी नसल्यानं हुद्दा त्यांच्याकडेच राहिला.

आता रोह्याच्या भरवशाचा प्रश्न का आला, तर कोजागिरीनंतरचं उधाण तोंडावर आलं होतं. पेणच्या खाडीकाठच्या या गावात समुद्राचं खारं पाणी अडवायला मोठा बांध आहे आणि त्या बांधाला आतलं पाणी सोडायची झडप, म्हणजे उघाडी. पूर्वी उधाणानं बांध फुटला की घराघरातून माणसं धावत. प्रत्येक माणूस चिखलाचा एकेक गोळा आणून टाकी. ज्या घराचा ढीग मोठा, त्या घराची उघाडीवर पहिली जाळी, आणि पहिल्या जाळीतले जिताडे मासे. ज्याच्या ढिगात तुमचा शेवटचा गोळा पडला, त्यानं दुपारी तुम्हाला मटण-भात जेवू घालायचा. आता बांध पोकलेन बांधतं. वर्षभर चिखलाला कुणी बोटही लावत नाही. पण वर्षातून एकदा उघाडीपाशी गोळे टाकायचे आणि मोजायचे, ही रीत कुणी सोडली नव्हती. उलट ज्यांना चिखल उचलायला लागत नव्हता त्यांनाच गोळ्याचा अभिमान जास्त.

दोनच घरं खरी अटीतटीची. एक मोकल, दुसरे वरच्या आळीतले घरत. नम्रता या घरात सून म्हणून आली त्या वर्षापासून रोह्याहून एक टेम्पो भरून माणसं यायची, तिचा भाऊ रितेश पुढं बसलेला, आणि मोकलांचा ढीग वर जायचा. मुलगी पसंत करताना काळुरामांनी नम्रताला पाहिलं होतं की दारातल्या टेम्पोला, याबद्दल बायजाबाईंना अजून शंका होती.

आणि यंदा नम्रताच्या धाकट्या बहिणीनं, दिशानं, लग्न ठरवलं ते घरतांचा कर्ता सखा याच्या मुलाशी, मिथुनशी. गणपतीला ताईकडे म्हणून आली आणि आरतीला घरतांकडे गेली. नुसता साखरपुडा झाला तेव्हाच काळुरामांनी घरातल्या कुणालाही जाऊ दिलं नव्हतं. नम्रता त्या दिवशी गोठ्यात जाऊन रडली. आईबाप गेल्यावर तिनंच दिशाला वाढवलं होतं, केस विंचरण्यापासून दहावीच्या अभ्यासापर्यंत. मार्गशीर्षात लग्न होतं. रितेशचं लग्न अजून व्हायचं होतं, म्हणून कन्यादानाला नम्रता आणि निलेशनं बसायचं असं दिशानं हट्टानं सांगितलं होतं. नम्रताला दुसरं काहीच नको होतं. जिताडे तर तिला आवडतही नसत.

"टेम्पो कुणाच्या बाजूनं उतरणार ते रितेशला विचारलं," काळुराम म्हणाले. "तो म्हणतो, बघू."

"मग बघू की," बायजाबाई म्हणाल्या.

"बघू म्हंजे काय? जुना मित्र बघू म्हणाला की समजायचं, आपलं आपण बघायचं. देशानं तेच केलं." मग ते नम्रताकडे वळले. आवाज चढला नाही, म्हणून ती जास्त घाबरली. "ऐक गो. रोह्याचा गोळा घरतांच्या ढिगात पडला, तर या घराला रोहा बंद. लग्नाला कुणी जाणार नाय. कन्यादान तर सोडूनच दे."

निलेशनं एक मोजा परत पायात घातला. नम्रताला त्याचा राग आला, पण तो तसाच होता. कंपनीत भोंगा वाजला की धावायचा, घरात वाजला की बसून राहायचा.

दुसऱ्या दिवसापासून मोकलांच्या घरात लष्करी तयारी सुरू झाली. रोह्याची माणसं गेली तर तेवढी आपली उभी करायची, हा सरळ हिशेब. काळुरामांनी पेणच्या बाजारातून हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे टी-शर्ट आणले. सगळे एकाच मापाचे मिळाले, त्यामुळे भावकीतल्या जाड्यांची पोटं उघडी पडली आणि बारक्यांना ते गुडघ्यापर्यंत आले. गॅरेजवर बसणारी पोरं, लांबची भाचरं, हमरापूरला गणपती रंगवणारे दोन साडू, असे सगळे गोळा करून मेजरांनी खळ्यावर कवायत घेतली. हुकूम हिंदीत. दाहिने मुड म्हटलं की अर्धे उजवीकडे आणि अर्धे घराकडे वळत.

"आपण नुसता चिखलच टाकायचाय ना?" एका साडूनं विचारलं.

मेजर म्हणाले, टाकायचाच आहे, पण टाकण्याआधी समोरच्याला धडकी भरली पाहिजे.

हवाई दल म्हणून लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाचा जुना ड्रोन आणला. घरतांच्या अंगणात किती माणसं जमतात ते वरून बघायचं होतं. ड्रोन खळ्यावरून उठला, चिंचेपर्यंत गेला आणि तिथल्या घारीनं तो एका पंजात खाली आणला. काळुराम ते तुकडे घेऊन ओटीवर बराच वेळ बसले. घार घरतांनीच पाळली असणार, असं त्यांनी शेवटी जाहीर केलं. बायजाबाईंनी विचारलं की घार कशी पाळतात, तर ते म्हणाले, तेच तर त्यांनी लपवून ठेवलंय.

गंमत म्हणजे घरतांनाही धडकी भरली होती. मोकलांनी शर्ट आणलेत हे ऐकून सखा घरतानं आपल्या माणसांसाठी शिट्ट्या आणल्या. मग मोकलांकडे भोंगा आला. दोन दिवस गावात कुणाला दुपारची झोप मिळाली नाही.

नम्रता रोज रितेशला फोन करायची. तो बिचारा दोन्हीकडून भाजला जात होता. काळुराम एक म्हणत होते, तिकडून सखा घरतानं कळवलं होतं की सोयरीक जोडायची तर टेम्पो आमच्याच बाजूला उतरला पाहिजे, नाहीतर लग्नाचं पुन्हा बोलू. "ताई, मी माणसंच आणत नाय," तो एकदा म्हणाला. पण न आणली तर दोघंही तुटणार, हे त्यालाही कळत होतं. दिशा फोनवर आली ती नुसती रडली. माझ्यामुळं तुझं माहेर तुटलं तर मी लग्न मोडते, असं म्हणाली. नम्रतानं तिला रागावून गप्प केलं.

उधाणाच्या दिवशी उन्हं वर आली तशी दोन्ही घरं बांधावर जमली. खाडी तुडुंब भरत आली होती. उघाडीच्या एका अंगाला मोकल ठिपक्यांच्या शर्टात, दुसऱ्या अंगाला घरत गळ्यात शिट्ट्या अडकवून. मधे घोंगडीवर हौसाआजी बसल्या. गावातलं सगळ्यात जुनं माणूस, गोळे मोजायचा मान त्यांचा. त्यांना दिसायचं कमी, म्हणून त्या गोळा हातानं चाचपून मोजत. रीत त्यांनी दरवर्षीप्रमाणे सांगितली, की माणूस मोजायचा नाय, गोळा मोजायचा, आणि पडला तो पडला.

मोकलांचे गोळे पडले. घरतांचे पडले. हौसाआजींनी चाचपून सांगितलं, सारखेच हायत. मग सगळ्यांच्या माना रस्त्याकडे वळल्या.

रोह्याचा टेम्पो आला. रितेश उतरला, मागून माणसं उतरली. वालाच्या, भाताच्या शेतात काम करून रापलेली साधी माणसं, त्यांना खाडीच्या चिखलाची सवय नव्हती, पण रीतीप्रमाणे प्रत्येकानं वाकून एकेक गोळा घेतला. आणि गोळे हातात धरून ती बांधाच्या बरोबर मधे उभी राहिली. पुढं कुणी सरकेना.

"रितेश, इकडं," काळुराम म्हणाले.

"व्याहीबुवा, इकडं," सखा घरत म्हणाला.

रितेश म्हणाला की रोहा दोन्हीकडचा आहे. मेजरांनी मान हलवली. असं धोरण फार दिवस चालत नाही, जेवायच्या वेळी अडचण होते, असं त्यांनी शेजारच्याला सांगितलं.

काळुरामांनी मग ओटीवर बोललेलं सगळं बांधावर सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. गोळा तिकडं पडला तर नम्रताला माहेर नाय. सखा घरतही कशाला मागं राहील, त्यानं लग्नाचं बोलून दाखवलं. शिट्ट्या वाजल्या. भोंगा वाजला. रोह्याच्या माणसांच्या बोटांमधून चिखल गळायला लागला. रितेश मान खाली घालून उभा होता, आणि त्याच्या कानामागे लहानपणी पेरूवरून पडल्याची खूण नम्रताला लांबून दिसत होती. ती जखम तिनंच धुतली होती. या पोरानं काहीही ठरवलं तरी तो जन्मभर अपराधी राहणार, हे तिला लख्ख कळलं, आणि तिला सासऱ्यांचा, सखा घरताचा आणि त्या जिताड्यांचाही मनापासून संताप आला.

ती बायकांतून बाहेर आली, साडी खोचून उतारावरून खाली गेली आणि चिखलाचा एक गोळा घेऊन वर आली. सरळ घरतांच्या ढिगापाशी गेली आणि तो त्यावर ठेवला.

भोंगा बंद पडला.

"बाईचा गोळा चालत नाय," कुणीतरी म्हणालं.

हौसाआजींनी हात लांब करून गोळा चाचपला. "गोळा ओला हाय, गोल हाय. बाईचा काय, बाप्याचा काय. पडला तो पडला."

"ही काय गद्दारी?" काळुरामांचा आवाज चिरकला.

"गद्दारी नाय, बाबा," नम्रता म्हणाली. "माझी बहीण त्या घरात जातेय. तिच्या बाजूनं कुणीतरी पाहिजे, ते मी. रितेश, तू तुझे गोळे बाबांच्या ढिगात टाक. म्हंजे रोहा इकडंही झाला नि तिकडंही. आता कुणी कुणाचं माहेर नि कुणाचं लग्न मोडू नका."

तोडगा खरं तर चांगला होता. काळुरामांनी तो क्षणभर मनात घोळवलाही असावा, कारण हिशेबानं मोकलच जिंकत होते. पण तेवढ्यात निलेश रांगेतून निघाला. आयुष्यात पहिल्यांदा भोंगा न वाजता तो हलला. खाली जाऊन त्यानं नवा गोळा आणला आणि बायकोच्या गोळ्याला लावून ठेवला. नम्रतानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला लग्नाच्या दिवशी वाटली नव्हती तेवढी त्याची माया वाटली.

त्याच्या मागून बायजाबाई. गुडघे दुखत असतानाही त्या खाली उतरल्या. "सून जिथं जेवंल तिथं मी," एवढंच म्हणाल्या. ताईच उभी राहिली म्हटल्यावर रोह्याची माणसं थांबतायत कशाला, त्यांचे सगळे गोळे धपाधप घरतांकडे पडले. साडू गेले. गॅरेजवाली पोरं गेली. एका माणसाचे दोन गोळे होतायत असं घरतांपैकी कुणीतरी ओरडलं, पण त्याला लगेच आठवलं की गोळे आपल्याच बाजूला पडतायत. शेवटी मेजर दत्तात्रेय काका कडक चालीनं निघाले.

"दत्ता, तू पन?" काळुराम म्हणाले.

"दादा, मोकलांचं मटण सकाळी मी शिजवलंय," मेजर खालच्या आवाजात म्हणाले. "मला ठाऊक हाय ते कसं झालंय."

बांधाच्या एका अंगाला आता काळुराम मोकल एकटेच उभे होते. सखा घरतानं शिट्टी तोंडात धरली होती, विजयाची फुंकणार तेवढ्यात त्याची बायको चंद्रावती आळीतून पळत आली. पातेल्यात मटण आपल्या माणसांपुरतं होतं. तिनं समोरचा जमाव पाहिला, ठिपक्यांचा आणि बिनठिपक्यांचा, आणि नवऱ्याला एवढंच विचारलं की यातल्या कुणाकुणाला उपाशी उठवायचं ते तुम्ही सांगा.

सखाच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. ढिगात ज्याचा शेवटचा गोळा, त्याला जेवण, यात पळवाट नव्हती. होणाऱ्या सुनेच्या माहेरची माणसं दारातून उपाशी गेली तर रोह्यापर्यंत बोभाटा. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, हळूच एक गोळा उचलला आणि मोकलांच्या बाजूला ठेवला. "हा बहुतेक तुमचाच, घसरून आला," तो म्हणाला.

काळुरामांनी तो पायानं परत लोटला. त्यानं दुसरा दिला, त्यांनी तोही परत केला. काल ज्या माणसांसाठी दोन घरं शर्ट आणि शिट्ट्या आणत होती, ती आता दोघांनाही नको झाली होती. रोह्याची माणसं हात पुसत उभी राहिली, त्यांना खरंच भूक लागली होती.

"पडला तो पडला," हौसाआजी म्हणाल्या. "काळुराम, जेवायला तुझ्या बाजूला तू एकटाच."

भरती ओसरू लागली होती. उघाडीच्या फळ्या काढून पहिली जाळी लावायला कुणी धावलं नाही. काळुराम बांधावर खाली बसले. मागं त्यांच्या खळ्यावर मोठं पातेलं झाकून ठेवलेलं होतं, अख्ख्या फौजेपुरतं, आणि खाणारं माणूस एकही नव्हतं. या गावात माणूस हरला तर लोक विसरतात, पण ज्याच्या दारात शिजलेलं अन्न तसंच राहतं त्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या काढतात. त्यांचा चेहरा पाहून नम्रताचा राग विरघळला. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. ती जाऊन त्यांच्यापासून हातभर लांब बसली.

ते पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "एवढं मटण कोन खानार गो?"

"खाणारी हायत," ती म्हणाली. "पन ती सगळी दिशाची माणसं झाली आता. दिशाच्या लग्नाचं तुम्ही काय ते सांगा, मग मी त्यांना हाक मारते."

"मी कुठं नाय म्हनलो?"

"म्हणालात. सगळ्यांसमोर म्हणालात. आता सगळ्यांसमोरच सांगा."

असं ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. काळुराम उठले, टी-शर्ट ओढून पोट झाकायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"दिशाच्या कन्यादानाला," ते म्हणाले, "निलेश नि नम्रता बसणार नायत."

रितेशचा चेहरा पडला. नम्रतानं डोळे मिटून घेतले.

"बिनआईबापाची पोर हाय," काळुराम म्हणाले. "तिच्या कन्यादानाला ताई नि भावोजी कशाला? आईबापाच्या जागी मानसं हायत ना अजून जिवंत. मी नि बायजा बसू."

सगळ्यात आधी उमगलं ते सखा घरताला. मुलीचा बाप म्हणून मांडवात काळुराम मोकल उभा राहणार, म्हणजे सगळ्या गावादेखत व्याहीभेटीला याच माणसाला उराउरी भेटायचं. तो मटकन खाली बसला. चंद्रावतीनं मात्र पदर तोंडाशी धरला होता आणि ती हसत होती.

नम्रताला हुंदका आवरेना. रितेश फोन कानाला लावून बांधावरून पळत निघाला होता, दिशाला आधी कुणी सांगायचं यावरून त्याची आणि निलेशची झटापट चालली होती. बायजाबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"रडायचं ते लग्नात रड," त्या म्हणाल्या. "आता ऊठ, मानसं उपाशी हायत."